आकडा आणि जनावर : शिकारसाहित्यातील काडतुसांविषयी

शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांत काही आकडे पुनःपुन्हा येतात. .२७५, .४०५, .४५०/४००, .४७०, .५७७ असे ते आकडे. साहित्याचा वाचक त्यांच्याकडे क्षणभर पाहतो आणि वाघ कोठे गेला हे शोधीत पुढे सरकतो. हा शस्त्रांच्या शौकिनांसाठी दिलेला तपशील आहे, कथेशी त्याचा संबंध नाही, अशी त्याची समजूत असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याहून वेगळे आहे. जनावर कसे मेले, एका गोळीत मेले की दोन दिवस रक्त सांडीत रानात फिरले, हे पुष्कळदा या आकड्यातच सांगितलेले असते. आकडा गाळला की मरणाची हकीकत गळते आणि हाती केवळ मर्दुमकी उरते. मराठी शिकारकथेचे, विशेषतः आपल्या घराण्यांतून तोंडी चालत आलेल्या कथांचे, नेमके असेच झाले आहे.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत या विषयाला घरचा संदर्भ आहे. जुन्या वाड्यांच्या चौकात, बैठकीच्या भिंतीवर गव्याची किंवा सांबराची शिंगे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यांच्याखाली बसून आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीही आपण ऐकल्या आहेत. त्या गोष्टींत हाका असतो, माळा असतो, अंधार असतो, जनावराचे डोळे असतात. बंदूक मात्र नुसती ‘बंदूक’ असते. फार तर ‘दुनळी’ किंवा ‘बारा बोराची’. काडतुसाचा उल्लेख तर क्वचितच. आणि हा ‘काडतूस’ शब्द पोर्तुगीज ‘कार्तुश’पासून मराठीत आलेला! ज्यांच्या राज्यात आपण साडेचारशे वर्षांपैकी शेवटची पावणेदोनशे वर्षे काढली, त्यांचा शब्द आपण घेतला. त्या शब्दाच्या पोटातला हिशेब मात्र घेतला नाही.

तो हिशेब समजून घेण्यासाठी प्रथम मोजमापाच्या दोन पद्धती वेगळ्या ओळखाव्या लागतात. ‘बोर’ हे जुने माप. नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या किती गोल गोळ्या एका पौंडात बसतात, ती संख्या म्हणजे बोर. बारा बोर म्हणजे पौंडाला बारा गोळ्या, आठ बोर म्हणजे पौंडाला आठ. म्हणून संख्या लहान होते तशी नळी मोठी होते. चार बोराच्या नळीचा व्यास एक इंचाहून थोडा अधिक भरतो. दुसरे माप आटे पाडलेल्या नळीचे, म्हणजे रायफलीचे. ते इंचाच्या दशांशात सांगतात. .४५० म्हणजे इंचाचे साडेचारशे सहस्रांश. येथे आकडा वाढतो तशी नळी वाढते. (यातही नावाचा आकडा आणि गोळीचा प्रत्यक्ष व्यास नेहमी तंतोतंत जुळतोच असे नाही; .४७० नावाच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .४७५ इंचाची असते.)

मराठीत ही दोन्ही मापे एकमेकांत मिसळून गेली आहेत. वर्तमानपत्रांत ‘३१५ बोरची रायफल’ असे सर्रास छापले जाते. बोलतानाही ‘साडेचारशे बोर’ असे भारदस्तपणे म्हटले जाते. शब्दशः अर्थ घेतला तर ४५० बोराची गोळी इंचाच्या जेमतेम बावीस शतांशांची, म्हणजे पाखरे मारण्याच्या बंदुकीची, ठरेल. या चुकीत भाषेच्या अशुद्धतेपेक्षा अधिक काही आहे. ज्या समाजाला जनावरावर काय टाकले जाते याची मोजदाद ठेवण्याची गरज वाटली नाही, त्या समाजात मोठा आकडा हा केवळ मोठेपणाचा आवाज होऊन बसतो, याची ती खूण आहे.

या आकड्यांना राजकीय इतिहासही आहे. १८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणले. त्याआधी हत्ती किंवा गवा मारण्यासाठी काळ्या दारूच्या चार बोर, आठ बोर अशा अवजड बंदुका वापरीत. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याचे काम पाहणाऱ्या जॉर्ज सँडरसनच्या १८७८ सालच्या पुस्तकात त्या दिसतात. धूरविरहित दारूने, म्हणजे कॉर्डाइटने, हे चित्र बदलले. पूर्वीपेक्षा सुमारे निम्म्या व्यासाची, पण लांब आणि कठीण आवरणाची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक वेगाने जाऊ लागली. मात्र १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या खासगी रायफलींवर बंदी घातली. कारण असे की, लष्करातली जुनी मार्टिनी-हेन्री रायफल त्याच व्यासाची होती आणि शिकारीसाठी आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागून त्या रायफलींत वापरल्या जातील, ही सरकारला धास्ती होती. मग इंग्रज बंदूक कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी भावंडे पुढे केली. आज .४७० हे नाव शिकारसाहित्यात एखाद्या अभिजात वाद्यासारखे घेतले जाते. त्याच्या भरभराटीमागे जनावराच्या शरीराचा विचार नव्हता, प्रजेची भीती होती.

ती बंदी ब्रिटिश अमलापुरती होती. तेरेखोलच्या पलीकडे सावंतवाडी संस्थान ब्रिटिशांच्या छत्राखाली, अलीकडे पेडण्यात पोर्तुगीज कायदा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे असलेला हा मुलूख एका नदीने दोन शस्त्रकायद्यांत विभागला गेला. पोर्तुगिजांचीही भीती तीच होती. १८५२ साली दीपाजी राणे आणि १८९५ साली दादा राणे यांच्या बंडांनी ती त्यांना शिकवली होती. तेव्हा आपल्याकडच्या रानात कोणती बंदूक पोहोचली आणि कोणती पोहोचली नाही, हे शिकाऱ्याच्या पसंतीने फारसे ठरले नाही. सरकारचा संशय, परवान्याची मर्जी आणि खिशातले पैसे यांनी ते ठरवले. लंडनची हातघडणीची दुनळी रायफल ही संस्थानिकांची आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची चैन होती. आपल्याकडे सामान्यतः होती ती ठासणीची किंवा बारा बोराची गुळगुळीत नळीची बंदूक. तिच्यात छऱ्यांऐवजी एकच शिशाची गोळी घातली की ती ‘मोठ्या जनावराची’ झाली. पावसाळ्यात कागदी काडतुसे दमट हवेने फुगत आणि नळीत शिरत नसत, ही अडचण निराळीच.

आता प्रत्यक्ष तुलनेकडे वळू. सह्याद्रीच्या या भागातले सर्वांत मोठे जनावर म्हणजे गवा, आपला गवारेडा. आज तो गोव्याचा राज्यप्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्याच्या खांद्यावर जो उंच कणा दिसतो तो मांसाचा वशिंडासारखा गोळा नाही. पाठीच्या मणक्यांची वर वाढलेली लांब हाडे आणि त्यांवरचे स्नायू यांनी तो बनलेला आहे. काळीज आणि फुप्फुसे त्याच्या पुष्कळ खाली, छातीच्या खालच्या भागात असतात. शरीराच्या उंचीचा मध्य धरून नेम घेणाऱ्याची गोळी म्हणूनच वर लागते. जनावर क्षणभर कोसळते आणि पुन्हा उठून रानात जाते. या शरीररचनेवर कोणते काडतूस किती पुरे पडेल, हा तुलनेचा खरा प्रश्न आहे.

तुलना करणाऱ्या ग्रंथांत जॉन टेलरचे १९४८ सालचे आफ्रिकन रायफली आणि काडतुसे यांवरील पुस्तक प्रसिद्ध आहे. त्याने एक सूत्र दिले : गोळीचे ग्रेनमधील वजन, तिचा सेकंदाला फुटांतील वेग आणि इंचांतील व्यास यांचा गुणाकार करावा आणि त्याला ७००० ने भागावे. (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड.) येणाऱ्या संख्येला त्याने जनावर आडवे पाडण्याच्या धक्क्याचे माप मानले. .४७० ची ५०० ग्रेनची गोळी २१५० फूट वेगाने जाते. तिची संख्या सुमारे ७३ येते. .४५०/४०० ची ४०० ग्रेनची गोळी २१०० फुटांनी, संख्या ४९. .३७५ मॅग्नमची ३०० ग्रेनची २५०० फुटांनी, संख्या ४०. .४०५ विंचेस्टरची ३०० ग्रेनची २२०० फुटांनी, संख्या ३९. आणि .२७५ ची, म्हणजे सात मिलिमीटर माउझरची, १७३ ग्रेनची लांब गोळी २३०० फुटांनी. तिची संख्या अवघी १६.

हेच सूत्र आपल्या घरच्या बारा बोराच्या बंदुकीला लावून पाहावे. पौंडाला बारा म्हणजे एक गोळी सुमारे ५८३ ग्रेनची, व्यास.७२९ इंच, वेग सेकंदाला १२०० फूट धरला तर संख्या ७३ येते. म्हणजे सूत्राच्या मते आजोबांची दुनळी आणि संस्थानिकांची .४७० ही दोन्ही तुल्यबळ! आजोबांच्या गोष्टीला याहून मोठा आधार मिळणार नाही. पण हे फसवे आहे. टेलरने ते सूत्र कठीण आवरणाच्या, न फुटणाऱ्या गोळीसाठी आणि मुख्यतः हत्तीच्या मस्तकावर बसणाऱ्या धक्क्यापुरते मांडले होते. मऊ शिशाची गोल गोळी गव्याच्या खांद्याच्या हाडावर चपटी होते आणि तेथेच थांबते.

ती का थांबते, हे दुसरे एक माप सांगते. गोळीचे पौंडांतील वजन तिच्या व्यासाच्या वर्गाने भागले की गोळी आपल्या जाडीच्या मानाने किती जड आहे ते कळते. समान वेगाने आणि समान घडणीच्या गोळ्यांत ही संख्या जितकी मोठी, तितकी गोळी खोल जाते. .४५०/४०० ची संख्या .३४०, .४७० ची .३१७, .२७५ ची .३०६, .३७५ ची .३०५, .४०५ ची .२५४, आणि बारा बोराच्या गोल गोळीची.१५७. येथे चित्र पालटते. .२७५ ची शिडशिडीत गोळी .३७५ च्या पंक्तीला जाऊन बसते आणि बारा बोर सर्वांत शेवटी, त्यांच्या निम्म्यावर, राहतो. जवळची ऊर्जा पाहिली तर बारा बोराच्या गोळीची सुमारे १८६५ फूट-पौंड आणि .२७५ ची सुमारे २०३३, म्हणजे दोघांत फारसे अंतर नाही. एक ती ऊर्जा कातडीवर आणि हाडावर खर्च करते, दुसरी काळजापर्यंत नेते. आफ्रिकेत हजारांहून अधिक हत्ती मारणाऱ्या वॉल्टर बेलने त्यांतले बहुसंख्य याच .२७५ ने मारले. मोठ्या काडतुसांच्या पुरस्कर्त्यांना हे उदाहरण कायम अडचणीचे ठरले आहे.

बेलच्या उदाहरणाने एक भाबडी समजूतही दूर होते. हत्तीच्या कवटीचे आडवे-उभे छेद अभ्यासून, मेंदूची जागा अचूक ओळखून तो गोळी टाकीत असे. त्याचे हत्ती लवकर मेले, यात शंका नाही. पण ते हजारांवर मेले. म्हणजे काडतुसाचे अचूक ज्ञान हे दयेचे लक्षण असेलच असे नाही. त्या ज्ञानाने एका जनावराचे मरण सोपे होते आणि अनेकांचे मारणेही सोपे होते. तुलनेच्या ग्रंथांचा खरा दोष येथे आहे. त्यांच्या कोष्टकांत जनावर हा एक रकाना असतो. किती मारावे, मारावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात बसत नाही. तो प्रश्न विचारायला साहित्यच लागते.

आणि उत्तम लेखकांनी तो आकड्यांतूनच विचारला आहे. जिम कॉर्बेटच्या ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४ सालच्या पुस्तकातील चौगढच्या वाघिणीची कथा पाहावी. १९३० साली शेवटच्या भेटीच्या वेळी त्याच्या डाव्या हातात एका पक्ष्याची अंडी होती आणि उजव्या हातात हलकी .२७५ रायफल. वाघीण काही फुटांवर बसलेली दिसताच त्याला एकाच हाताने, अतिशय संथपणे, रायफलीचे तोंड वळवावे लागले. वरवर पाहता ज्या गोष्टी आपल्या विरुद्ध होत्या त्यांनीच आपल्याला वाचवले, असे कॉर्बेट सांगतो. आणि त्या गोष्टींत तो अंड्यांबरोबर हलक्या रायफलीचीही गणना करतो. जड दुनळी एका हाताने तशी फिरली नसती. म्हणजे या प्रसंगात .२७५ हा आकडा काढून ‘रायफल’ एवढेच ठेवले, तर प्रसंगाचा कणाच निघून जातो. वाचकाला वाटते की, शिकारी थंड डोक्याचा होता. कॉर्बेट सांगत असतो की, आपला जीव काही औंसांच्या फरकाने राहिला.

त्याच पुस्तकातील चंपावतच्या वाघिणीची कथा याची दुसरी बाजू दाखवते. १९०७ सालच्या त्या हाक्यात कॉर्बेटने .५०० च्या रायफलीसाठी तीनच काडतुसे घेतली होती. ती संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी राहिली, आणि त्याला तहसीलदाराची जुनाट बंदूक मागून घ्यावी लागली. त्या बंदुकीची गोळी भलतीकडेच लागली. वाघीण मेली ती आधीच्या गोळ्यांनी. कॉर्बेट हे लपवीत नाही. काडतुसांची संख्या, बंदुकीची अवस्था, गोळी लागलेली जागा, सारे तो हिशेबाच्या वहीसारखे मांडतो. त्याच्या कथांवर वाचकाचा जो विश्वास बसतो तो या वहीमुळे. केनेथ अँडरसनच्या दक्षिणेतील कथांत .४०५ विंचेस्टर हे नाव असेच येते. संस्थानिकांच्या दुनळीपेक्षा स्वस्त, कारखान्यात बनलेली, बंगळूरच्या एका मध्यमवर्गीय गृहस्थाला परवडणारी ती अमेरिकन रायफल. त्या आकड्यात लेखकाचा सामाजिक दर्जाही बसला आहे.

शिकारी नसलेल्या लेखकांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. १९३६ या एकाच वर्षी दोन रचना प्रसिद्ध झाल्या. जॉर्ज ऑर्वेलच्या ब्रह्मदेशातील हत्तीवरील निबंधात निवेदक प्रथम .४४ विंचेस्टर घेऊन निघतो. हत्ती मारायला ती फार लहान आहे हे त्याला ठाऊक असते. पुढे तो हत्तीची रायफल मागवतो. आता काडतूस योग्य असते, पण गोळी कोठे टाकायची याचे ज्ञान नसते. हत्ती अर्धा तास मरत राहतो. साम्राज्याच्या हाती शस्त्र आहे आणि शहाणपण नाही, हे सारे या दोन बंदुकांच्या अंतरात ऑर्वेलने सांगितले आहे. हेमिंग्वेच्या फ्रान्सिस मॅकोम्बरवरील कथेत प्रत्येक पात्राची बंदूक निराळी आहे : व्यावसायिक शिकारी विल्सनची धिप्पाड .५०५ गिब्ज, मॅकोम्बरची .३०-०६ स्प्रिंगफील्ड, आणि त्याच्या पत्नीच्या हाती येणारी ६.५ मिलिमीटरची मानलिखर. शेवटी जी गोळी मॅकोम्बरला लागते ती सर्वांत लहान नळीची. ती चुकून लागली की जाणून मारली, यावर समीक्षक अजून वाद घालतात. या कथेत आकडे पुसले तर पात्रांचे परस्परसंबंधही धूसर होतात.

मराठीकडे वळल्यावर काय दिसते? आपल्याकडे अरण्यलेखनाची परंपरा समृद्ध आहे. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे दुर्बीण व चित्रवही घेऊन हिंडू लागले. ‘सत्तांतर’मधील वानरांच्या टोळ्यांचे निरीक्षण या बदललेल्या नजरेतून आले आहे. २०२५ साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्षी, झाडे, जनावरांच्या सवयी यांच्यासाठी आदिवासी आणि ग्रामीण बोलींतून शब्द वेचून मराठीला दिले. जनावराच्या बाजूची भाषा अशी समृद्ध झाली. मारणाऱ्याच्या बाजूची भाषा मात्र तशीच मोघम राहिली. माडगूळकर-चितमपल्लींच्या लेखनाचा हा दोष नव्हे. त्यांचा विषयच निराळा होता. प्रश्न त्यांच्याआधीच्या आणि त्यांच्याबाहेरच्या शिकारकथेचा आहे. तिने ‘गोळी लागली’ आणि ‘जनावर कोसळले’ या दोन क्रियापदांवर सगळा संसार चालवला.

आपल्या तोंडी परंपरेत ही मोघमता अधिकच ठळक आहे. तिच्या रचनेकडे समीक्षेच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कथा बाराच्या आवाजापाशी टिपेला पोहोचते आणि लगेच शिंगांपाशी, म्हणजे भिंतीपाशी, येऊन थांबते. मधला काळ गायब असतो. बारा बोराची गोल गोळी गव्याच्या खांद्यात किती खोल जाते, हे वर पाहिले. अशी गोळी लागलेले प्रत्येक जनावर जागीच पडले असेल हे संभवत नाही. काही जनावरे रात्रभर, काही कित्येक दिवस जायबंदी होऊन फिरली असतील. काही कधीच सापडली नसतील, आणि त्यांची शिंगे कोणत्याही भिंतीवर नाहीत. जखमी गव्याने उलटून एखाद्या हाकाऱ्यावर चाल केली असेल, तर तो हाकारी वाड्यातला नसणार, वाड्याच्या कुळांतला असणार. कथा सांगणारा वाड्यातला. आकडा गाळल्याने ज्यांचे दुःख गळाले त्यांत जनावराबरोबर माणूसही आहे, हे आपल्या घराण्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. आजोबांच्या काळात रायफली नव्हत्या, गवा आणि डुकरे शेती उद्ध्वस्त करीत होती, जे हाती होते त्यानेच राखण करावी लागली. आता लंडनच्या काडतुसांचे कोष्टक घेऊन त्यांचा न्याय करणे योग्य आहे काय? आक्षेपात तथ्य आहे. शेतराखणीच्या गरजेतून झाडलेला बार आणि कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राखीव रानातली शिकार या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. (दाजीपूरचे ते रान १९५८ साली गव्यांसाठीच अभयारण्य झाले.) परंतु येथे न्याय माणसांचा करायचा नसून कथांचा करायचा आहे. गरजेने झाडलेल्या बाराची कथा गरजेची म्हणून सांगितली असती, हातची बंदूक अपुरी होती हे त्यात आले असते, तर ती कथा कॉर्बेटच्या तोडीची झाली असती. तिला पराक्रमाचा साज चढवला गेला आणि ज्या अपुरेपणात खरे नाट्य होते तोच झाकला गेला. साहित्य म्हणून झालेले हे नुकसान आहे.

आज हा विचार करण्याचे प्रयोजन काय, असेही विचारता येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार इतिहासजमा झाली. गवा पहिल्या परिशिष्टात आहे. भिंतीवरच्या शिंगांनाही कायद्याचे नियम लागू आहेत. पण जनावर आणि माणूस यांचे भांडण इतिहासजमा झालेले नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे वाघीण आणि तिचे तीन बछडे असे चार वाघ विषाने मारले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोडामार्गाकडून आलेला ‘ओंकार’ नावाचा तरुण हत्ती पेडणे तालुक्यात शिरला आणि भातशेती, बागायती यांचे नुकसान करीत फिरला. चोरट्या शिकारीत फासे आणि विजेच्या तारा वापरल्या जातात. विषाला आणि तारेला काडतुसासारखा आकडा नसतो. ती कोणासाठी ठेवली आणि कोण मेले, याचा हिशेबच राहत नाही. शिकारीच्या सर्वांत हीन प्रकारातही नेम धरणारा एक माणूस असतो. येथे तोही नाही.

उलट, जेथे जनावराला जिवंत ठेवायचे असते तेथे मोजदाद परत येते. हत्तीला किंवा गव्याला गुंगीची सुई मारताना त्याचे वजन अंदाजावे लागते, औषधाची मात्रा ठरवावी लागते, अंतराप्रमाणे बंदुकीचा दाब राखावा लागतो. मात्रा कमी पडली तर जनावर बिथरते, जास्त झाली तर दगावते. काडतुसांची तुलना करणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांनी ज्या शिस्तीने जनावराच्या शरीराचा विचार केला, तीच शिस्त आता पशुवैद्याच्या हाती आली आहे. हेतू मात्र उलटा झाला आहे. या दृष्टीने पाहता टेलरची कोष्टके, कॉर्बेटची प्रामाणिक वही आणि बेलचे कवटीचे छेद हे सारे वाचण्याजोगे आहे. नायकपूजा म्हणून नव्हे, जनावराच्या देहाविषयी माणसाने मिळवलेले महागडे ज्ञान म्हणून.

आपल्या वाड्यांत अजून काही वृद्ध मंडळी या गोष्टी सांगणारी आहेत. त्या लिहून घेण्याचे काम कोणी हाती घेणार असेल तर त्यांना वाघ किती हात लांब होता हे अवश्य विचारावे. त्याबरोबर बंदूक कोणती होती, काडतूस छऱ्यांचे की गोळीचे, बार किती अंतरावरून टाकला, गोळी कोठे लागली, दुसरा बार लागला का, जनावर केव्हा आणि कोठे सापडले, हाक्यात कोण होते, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर काही गोष्टींचा रुबाब उतरेल. काही गोष्टी मात्र प्रथमच खऱ्या वाटू लागतील, आणि मराठी शिकारकथेला आजवर न लाभलेला मधला काळ, बाराचा आवाज आणि भिंत यांच्यामधला, तिच्या पदरी पडेल.